दम आणि घोरणे

म्हातारा बाजेवर मोठ्याने घोरत असतो. सून म्हणते, "मामांना कशी गाढ झोप लागली बघा!" पण मध्येच घोरणे थांबते. छाती हलते, पण नाकातोंडातून वारा येत नाही. मग तो गुदमरून दचकतो, मोठा श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. ही गाढ झोप नव्हे. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबणे तासात पुन्हापुन्हा घडू लागले, तर तो रोग आहे.

ज्याला जुना दम आहे त्याला हा रोग फार जड जातो. आमच्या कळंबकडे कुणी जन्मभर विडी ओढली. बायांनी ओढली नाही, पण चुलीपुढे तुराट्या आणि गोवऱ्यांचा धूर गिळला. अशा धुराने फुप्फुसे खराब होतात. दिवसाच हवा पुरत नाही, त्यात रात्री घसाही बंद! रक्तातला प्राणवायू फार कमी होतो. काळजावर ताण पडतो. सकाळी डोके दुखते, पाय सुजतात, पारावर बसल्या बसल्या डुलकी येते. लोक म्हणतात, "वय झालं आता." आम्हांला हे बोलणे पटत नाही. यावर उपाय आहे.

रात्री नाकावर मुखवटा लावतात. लहान यंत्र त्यातून जोराने हवा सोडते, म्हणून घसा मिटत नाही. ही हवा साधीच असते, प्राणवायू नव्हे. हे यंत्र १९८१ साली ऑस्ट्रेलियात निघाले. स्पेनच्या डॉक्टरांनी दोन्ही रोग असलेली माणसे नऊ वर्षांहून अधिक काळ पाहिली आणि २०१० साली निष्कर्ष छापला. यंत्र लावणारे जास्त जगले, दवाखान्यातही कमी वेळा पडले.

यंत्र आले म्हणून दम्याचा फवारा सोडायचा नाही. विडी मात्र सोडावी. दारू आणि झोपेची गोळी घसा आणखी सैल करतात. प्राणवायूचे सिलिंडर आपल्या मनाने लावू नये. काहींच्या रक्तात त्याने खराब वायू साठतो. अशांना वेगळे यंत्र लागते. ते तपासूनच ठरते.

आधी कळंबच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथून अंबाजोगाई किंवा लातूरला छातीच्या डॉक्टरांकडे जाता येते. म्हातारीला बरोबर न्या. म्हातारा म्हणेल, "मी कुठं घोरतो?" रात्री काय होते ते तिलाच ठाऊक. यंत्र विजेवर चालते. वीज गेली की मुखवटा काढावा, आणि कुशीवर निजावे.