क्षयरोगाच्या ‘कल्चर’ अहवालास विलंब का लागतो?

रुग्णाची थुंकी कल्चरसाठी घेतली की आठवडाभरातच नातेवाईक अहवालाची विचारणा करू लागतात. ही चिंता स्वाभाविक असल्याने या विलंबाचे शास्त्रीय कारण येथे थोडक्यात मांडीत आहोत.

हिशेबात रमणाऱ्या आम्हांस ते चक्रवाढ व्याजाच्या भाषेत लवकर उमगले. मूत्रमार्गाच्या संसर्गात सर्रास आढळणारा ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जीवाणूस त्यासाठी १८ ते २४ तास लागतात. एकाचे दहा लाख होण्यास २० वेळा दुप्पट व्हावे लागते. पहिल्यास त्याकरिता सात तास पुरतात, दुसऱ्यास १५ ते २० दिवस.

थुंकीतील इतर जीवाणू या मंद जीवाणूस सहज मागे टाकतात. म्हणून नमुन्यावर प्रथम रासायनिक प्रक्रिया करून ते नष्ट केले जातात. नंतर अंडी, ग्लिसरॉल व क्षार यांपासून बनविलेल्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर नमुना ठेवून बाटली ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. साधारणतः तीन ते आठ आठवड्यांत कोरड्या, खडबडीत, फिकट पिवळसर वसाहती दिसू लागतात. त्यांचे रूप फुलकोबीच्या गड्ड्यासारखे असते. आठ आठवडे काहीच न उगवल्यास ‘वाढ नाही’ असा अहवाल दिला जातो. द्रवमाध्यमात वाढ लवकर कळते, तरी नकारार्थी निष्कर्षासाठी ४२ दिवस थांबावे लागते.

जनुकीय चाचणी सुमारे दोन तासांत क्षयाचे निदान व रिफाम्पिसिन औषधास असलेला प्रतिरोध सांगते. मग कल्चर कशासाठी? मृत जीवाणूंचे अवशेषही जनुकीय चाचणीत दिसू शकतात. वसाहत मात्र जिवंत जीवाणूचीच होते. उपचार लागू पडत आहेत काय आणि अन्य कोणती औषधे उपयोगी पडतील, हे ठरविण्यास कल्चरचा आधार लागतो.

निदान झालेल्या रुग्णाचे उपचार या अहवालासाठी थांबत नाहीत. म्हणून नातेवाइकांस नम्र विनंती, की नमुन्यासाठी लाळ न देता खोल खोकून काढलेला बेडकाच द्यावा आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषधे थांबवू नयेत. देणगीदार व विश्वस्तांनीही ध्यानी घ्यावे, की एका बाटलीसाठी दोन महिने अखंड राखलेली ऊब ताळेबंदात वेगळी दिसत नाही. परंतु योग्य औषधाची निवड अनेकदा तिच्यावरच अवलंबून असते.