आधी कपाट बघ, मग फरशी

सई: आत्या, हॉलची फरशी बदलायची म्हणतोय. लाकडासारखी दिसणारी हवी. दुकानात एक करड्या ओकची शेड बघितली, फार आवडली. घेऊन टाकू का?

आत्या: दुकानात ती कशी मांडली होती?

सई: पांढरी भिंत, करडा सोफा, काचेचं टीपॉय. सुंदर दिसत होतं.

आत्या: म्हणजे तुला ती अख्खी मांडणी आवडली. तुझ्या हॉलमध्ये काय आहे? आईचं सागवानी कपाट, शिसवी झोपाळा, दारांना सागाच्या चौकटी, भिंती क्रीम. यातलं काहीच तू काढणार नाहीस. मग फरशी त्यांच्याशी जमणारी हवी.

सई: तर मग कपाटाच्याच रंगाची सागवानी शेड घेते. जुळून जाईल.

आत्या: तेही नको. बहुतेक घरांत नेमकं हेच होतं. तुझ्या कपाटाचा साग वर्षानुवर्षं उजेड खाऊन पिकलेला आहे. त्याला लागून साधारण तसाच दिसणारा छापील साग आला, की दोघांतला थोडासा फरकही डोळ्याला टोचतो. शिवाय जमीन आणि कपाट एकाच रंगाचं झालं की कपाटाचे पाय कुठे संपतात तेच कळत नाही. झाक एक ठेवायची आणि रंगात दोन-तीन पायऱ्यांचं अंतर सोडायचं.

सई: झाक ओळखायची कशी? मला सगळं तपकिरीच दिसतं.

आत्या: एक कोरा पांढरा कागद घे आणि कपाटाच्या दाराला टेकवून धर. पांढऱ्याशेजारी सागातला पिवळा लगेच वर येतो. झोपाळ्याला लावलास तर शिसवाच्या काळपट तपकिरीत जांभळट छटा दिसेल. आता तोच कागद त्या करड्या ओकच्या सॅम्पलला लाव. त्यात निळसरपणा दिसेल. निळसर जमिनीवर पिवळा साग ठेवलास की तो आहे त्याहून नारिंगी वाटायला लागतो. कपाटाला पुन्हा पॉलिश केलं तरी तो नारिंगीपणा जात नाही, कारण तो शेजाऱ्यामुळे आलेला असतो.

सई: पण आजोळी शहाबादी फरशी होती ना? ती तर करडीच. तिच्यावर सागाचं सामान किती छान दिसायचं!

आत्या: छान प्रश्न विचारलास. शहाबादी दगड आहे आणि दगडासारखाच दिसतो. त्याच्यावर लाकूड ठेवलं की लाकूड उठून दिसतं. करडा ओक मात्र लाकूड म्हणूनच समोर येतो, आणि मग डोळा दोन लाकडांची तुलना करत बसतो. आपल्या जुन्या वाड्यांत लाकूड होतं ते खांबांना, तुळयांना, माळ्याच्या फळ्यांना. पायाखाली बहुतेक सारवलेली जमीन नाहीतर दगडी फरशी. म्हणून तिथे हा पेच फारसा आलाच नाही. लाकडासारखी फरशी घ्यायची म्हटली की तो येतो.

सई: मग माझ्या हॉलला काय शोभेल?

आत्या: फिकट मधाळ रंगाचा ओक. पिवळसर झाकेचा, पण कपाटापेक्षा बराच उजळ. गडद अक्रोडी शेड घेतलीस तर शिसवी झोपाळा तिच्यात बुडून जाईल, आणि पुण्यातली धूळ गडद जमिनीवर दुपारपर्यंत दिसायला लागते. फार गाठी आणि भेगा असलेलं डिझाइनही नको. तुझ्या कपाटावर कोरीव काम आहे, झोपाळ्याला पितळी कड्या आहेत. बघायला तेवढं पुरेसं आहे, जमीन शांत असू दे.

सई: दुकानातून फोटो काढून आणते, त्यावरून ठरवू?

आत्या: फोटोवरून अजिबात ठरवायचं नाही. अनामत ठेवून दोन-तीन पूर्ण पट्ट्या घरी आण. त्या भिंतीला टेकवून उभ्या करू नकोस, कपाटाच्या पायाशी आडव्या ठेव, कारण जमिनीवर उजेड वेगळ्या कोनातून पडतो. सकाळी बघ, पश्चिमेचं ऊन बाल्कनीतून आत येतं तेव्हा बघ, रात्री दिवे लावून बघ. तुझ्या हॉलमध्ये कुठले दिवे आहेत?

सई: पांढरे एलईडी.

आत्या: खोक्यावर 6500 केल्व्हिन लिहिलं असेल. त्या निळसर उजेडात मधाळ रंग फिका पडतो. 3000 केल्व्हिनचा एक दिवा लावून तीच पट्टी पुन्हा बघ. अनेकदा फरशीइतकाच दिवाही बदलायला हवा असतो, आणि त्याला खर्च फारच थोडा.

सई: आणि घ्यायचं काय? दुकानदार लॅमिनेट, एसपीसी, टाइल असं काय काय सांगत होता.

आत्या: लॅमिनेट म्हणजे ओट्याखालच्या कपाटांना लावतात त्या सनमायकाचंच भावंड. खाली दाबलेल्या लाकडी तंतूंचा घट्ट बोर्ड, वर लाकडाचा फोटो छापलेला कागद, त्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर. स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीने 1977 मध्ये ही कल्पना काढली. पायाला उबदार लागतं, बसतंही झटपट. पण तुझ्याकडे मावशी रोज बादलीभर पाण्याने फरशी पुसतात. सांध्यातून पाणी बोर्डात गेलं की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. हॉलमध्ये नकोच.

सई: एसपीसी?

आत्या: त्यात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं, त्यामुळे पाण्याचं भय नाही. चार ते सहा मिलीमीटर जाडीची पट्टी, जुन्या फरशीवरच बसते. तुझ्या बेडरूमला उत्तम. हॉलमध्ये मात्र पश्चिमेच्या काचेतून एप्रिल-मेचं ऊन थेट जमिनीवर पडतं. तापली की ती पसरते, भिंतीकडेला मोकळी जागा कमी सोडली असेल तर मधे उचलली जाते. हॉलला मी टाइलच घेईन. 200 बाय 1200 मिलीमीटरची, मॅट फिनिशची. मोरबीत हव्या त्या छटेत बनते. समईचं तेल सांडो, कुंकू सांडो, पुसलं की गेलं. डिसेंबरात पायाला गार लागेल, तेवढी एक सतरंजी टाक.

सई: पण टाइल शेवटी टाइलच दिसते ना?

आत्या: दिसते ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे छपाई. दुकानदाराला म्हणावं, खोक्यातल्या आठ-दहा टाइल्स जमिनीवर मांडून दाखवा. एकच गाठ, तिच्या बाजूला तोच वळसा, असं दर दुसऱ्या-तिसऱ्या टाइलवर दिसलं तर ते डिझाइन सोडून दे. खऱ्या लाकडात एक फळी दुसरीसारखी नसते. मग तिरक्या उजेडात टाइलवरून बोट फिरव. छापलेली रेघ आणि हाताला लागणारी खाच एकाच जागी आली, तर डोळ्याला ती पटते.

सई: आणि दुसरी?

आत्या: सांधे. पांढरा ग्राउट भरला की सगळी मेहनत पाण्यात. टाइलमधल्या गडद रेषेशी मिळता ग्राउट घे आणि सांधा दोन मिलीमीटरचाच ठेव. मिस्त्री सवयीने विटांसारखं अर्ध्यावर अर्धं लावायला बघेल, तसं लावू देऊ नकोस. एवढी लांब टाइल भट्टीतून निघताना मधे किंचित उचललेली असते. अर्ध्यावर लावली की एकीचं पोट दुसरीच्या टोकाशेजारी येतं आणि अंगठ्याला ठेच लागते. एक तृतीयांश सरकवून लावायला सांग. पट्ट्या दारातून बाल्कनीच्या दिशेने धाव घेतील अशा बसव, म्हणजे बाल्कनीतला उजेड पट्ट्यांच्या लांबीने येतो आणि लांब सांधे कमी जाणवतात.

सई: जुनी फरशी फोडायची का?

आत्या: ती कुठे पोकळ वाजत नसेल तर तिच्यावरच टाइल अॅडहेसिव्हने लावता येते. जमीन सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने वर येईल, तेव्हा दारं खालून तासावी लागतील. बाल्कनीचा उंबरा आधी मोजून घे. तो नव्या फरशीच्या बरोबरीला आला तर पावसाळ्यात पाणी थेट हॉलमध्ये. उंबरा वाढवायचा असेल तर टाइल लावायच्या आधी वाढव.

सई: स्कर्टिंग फरशीचंच?

आत्या: भिंतीच्या क्रीम रंगाचं कर. फरशीचंच वर चढवलं की सागाच्या चौकटीला खालून आणखी एक लाकूड चिकटतं, आणि पुन्हा तोच तुलनेचा पेच. माल घेताना सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का, ते स्वतः वाचून बघ. मापापेक्षा दहा टक्के जास्त घे आणि उरलेल्या टाइल्स माळ्यावर उभ्या ठेव. पुढे कधी नळासाठी फरशी फोडावी लागली, तर तेव्हा हे डिझाइन बाजारात मिळेलच असं नाही.