खिशातील पोकर : एका खेळण्याची परीक्षा

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाज बद्द आला तर परत ठेवतो. परंतु हाती एखादे खेळणे आले की ‘चालते ना?’ एवढाच प्रश्न आपण विचारतो. ते खरे चालते की खोटे, हे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका खेळण्याची मी केलेली परीक्षा सांगणार आहे. तिला वही, पेन्सिल आणि थोडा धीर यांखेरीज काहीही लागत नाही.

खेळणे म्हणजे तळहातात मावणारे पोकरचे यंत्र. माझ्या मावसभावाने (आम्ही सारे त्याला दादा म्हणतो) ते नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतले. एक लहानसा पडदा, त्यावर पाच पाने आणि प्रत्येक पानाखाली ते राखून ठेवण्याचे बटन. नको असलेली पाने एकदा बदलून मिळतात आणि जमलेल्या हाताप्रमाणे गुण मिळतात. मुलचेऱ्याच्या जंगलपट्टीत मोबाईलची रेंज येते नि जाते. पण या यंत्राला रेंज लागत नाही, दोन सेल पुरतात. त्यामुळे तेंदूपत्त्याच्या सबंध हंगामात ते दादाच्या खिशात होते. शंभर गुणांपासून आरंभ करून तो पाच हजारांवर पोचला आणि ‘आपल्याला पत्ते कळतात’ अशी त्याची खात्री झाली.

याच खात्रीने मे महिन्यातील एका लग्नघरी तो रात्री तीन पत्तीच्या डावात बसला. पहाटे उठला तेव्हा हंगामाची मजुरी गेली होती. सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून मिळवलेला पैसा बावन्न पानांत संपला. त्या पैशांतून माझ्या बहिणीची प्रवेश फी भरायची होती. मावशी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. दादा मात्र म्हणत राहिला, “नशीब फिरले रे, नाहीतर मला खेळ येतो.” मला वाटले, नशिबाला विचारता येत नाही, निदान या यंत्राला तरी विचारून पाहू.

पत्ते आणि खिशातील खेळ यांचे नाते तसे जुने आहे. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे हातातले खेळ काढणारी जपानची निन्टेन्डो कंपनी १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठीच स्थापन झाली होती. पडद्यावरचे पोकर अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या जुगारगृहांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले. हातातले यंत्र ही त्याचीच लहान प्रतिकृती होय.

पहिली परीक्षा नियमांची. दादाची तक्रार होती, “अबे, हे यंत्र रंगाला सिक्वेन्सच्या वर ठेवते. बनवणाऱ्यालाच खेळ येत नाही!” तीन पत्तीत सिक्वेन्स रंगाच्या वर असतो, हे खरे. मी मोजून पाहिले. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत एकाच रंगाचे नसलेले सिक्वेन्स ७२० आणि नुसते रंग १,०९६. जे दुर्मीळ ते मोठे, म्हणून तेथे सिक्वेन्स वर. पाच पानांचे मात्र २५,९८,९६० हात होतात. त्यांत रंग ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. येथे रंग दुर्मीळ, म्हणून तो वर. अर्थात या परीक्षेत यंत्र उत्तीर्ण झाले, दादा नापास.

दुसरी परीक्षा पाने पिसण्याची. पाचही पाने टाकून नवी पाच घ्यावीत. खरा जोड बावन्न पानांचाच असेल तर टाकलेले पान त्या डावात परत येऊ शकत नाही. दर वेळी सबंध जोडातून पाने उचलणारे सदोष यंत्र दहा-पंधरा डावांत बहुधा पकडले जाते. नंतर सेल काढून पुन्हा घालावेत आणि पहिले तीन हात लिहून ठेवावेत. असे चार वेळा करावे. तेच हात त्याच क्रमाने आले तर यंत्र पाने पिसत नाही, पाठ म्हणून दाखवते असे समजावे. आमचे यंत्र या दोन्ही परीक्षांतून सुटले.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. वाटलेल्या पहिल्या पाच पानांत काहीच न जमण्याचे हात १३,०२,५४० असतात, म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मे. याचा अर्थ, २०० हात वाटले तर सुमारे १०० हातांत जोडी किंवा त्याहून वरचे काही दिसावे. योगायोगाने चौदा-पंधरांचा फरक सहज पडतो. तो दोष नव्हे. मी तीन संध्याकाळी ओसरीवर बसून २०० हात वाटले आणि रेघा ओढल्या. आकडा आला १३१. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा २०० हात वाटले. आकडा १२८.

यंत्र खोटे होते आणि ते खेळणाऱ्याच्या बाजूने खोटे होते! ते दादाला लुबाडत नव्हते, त्याची खुशामत करत होते.

चौथी परीक्षा गुणांच्या तक्त्याची. ‘जॅक्स ऑर बेटर’ या प्रकारात फुल हाउसला ९ आणि रंगाला ६ देणारा तक्ता उत्तम मानतात. त्यातही बिनचूक खेळणाऱ्याला १०० मागे सरासरी ९९.५४ च परत मिळतात. हेच आकडे ८ आणि ५ केले तर ९७.३०. म्हणजे प्रामाणिक यंत्रावर चांगला खेळाडूसुद्धा हळूहळू हरतो. म्हणून ज्या यंत्रावर गुण सारखे वाढतच जातात, त्याविषयी आनंद नव्हे, संशय वाटला पाहिजे.

मग चांगले यंत्र कोणते? माझ्या मते, ज्यावर विचार करणारा आणि न करणारा यांत फरक पडतो ते. समजा, हाती चार बदाम आहेत आणि पाचवे पान टाकायचे आहे. उरलेल्या ४७ पानांत बदाम ९, म्हणजे साधारण पाचांत एकदा रंग जमेल. प्रामाणिक यंत्रावर हा हिशेब पुनःपुन्हा खरा ठरतो आणि खेळता खेळता गणित अंगी मुरते. खुशामती यंत्रावर कसेही खेळा, जमतेच. त्यामुळे शिकण्याचे कारणच उरत नाही. पडदा स्पष्ट हवा, बटने अडकू नयेत, सेल लवकर संपू नयेत, हेही खरे. पण ते गुण मडक्याच्या रंगासारखे आहेत, आवाजासारखे नव्हेत.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. उत्तम यंत्रसुद्धा समोरच्या माणसाचा चेहरा दाखवत नाही. लग्नघरच्या डावात पाने जशी असतात तशी माणसेही असतात, आणि त्यांची परीक्षा कोणत्याही खेळण्यावर होत नाही.

मी वही दादासमोर ठेवली. तो बराच वेळ रेघा मोजत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मला येत नव्हतेच?” मी काय बोलणार! काही दिवसांनी त्याने बहिणीच्या फीचा पहिला हप्ता मावशीच्या हाती ठेवला. यंत्र आता आमच्या घरी असते. वर्गमित्रांना संभाव्यता समजावून सांगताना मी ते काढतो आणि पहिल्याच दिवशी सांगतो : हे खोटे आहे, कसे ते तुम्ही शोधा.

वाचकहो, स्तुती करणारा मित्र आणि सतत जिंकवणारे खेळणे, दोन्ही एकदा वाजवून घ्यावीत.