चिमणीसाठी घरटे-पेटी

घरटे बांधण्याच्या रीतीवरून पक्ष्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. बुलबुलासारखे पक्षी झाडाझुडपांच्या फांद्यांत उघडे घरटे बांधतात. साळुंकी, चिमणी यांसारखे पक्षी एखाद्या पोकळीचा आश्रय घेतात. या दुसऱ्या वर्गातील पुष्कळ पक्ष्यांना पोकळी स्वतः कोरता येत नाही. ती आयती मिळावी लागते. ती न मिळाल्यास अन्न विपुल असूनही त्यांची वीण खुंटते. लाकडी पेटी टांगून ही उणीव भरून काढता येते.

अमेरिकेत ब्लूबर्ड नावाच्या निळ्या पक्ष्यासाठी शेतांच्या कडेने अशा पेट्या लावतात. त्या बळकावणाऱ्या पक्ष्यांमध्ये आपली घरचिमणी अग्रेसर आहे. १८५०च्या सुमारास तिला युरोपातून न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन येथे नेऊन सोडण्यात आले आणि तेथून ती सर्वत्र पसरली. तेथे घुसखोर ठरलेल्या या पक्ष्यावर आपल्या महानगरांत मात्र जागेस मुकण्याची वेळ आली आहे.

दिल्ली शासनाने २०१२ साली घरचिमणीस राज्यपक्ष्याचा मान दिला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांविषयीच्या अहवालात असे आढळले, की एकंदर देशात चिमण्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे. परंतु दिल्लीसह सहा मोठ्या महानगरांत ती हळूहळू घटत आहे. दूरध्वनीच्या मनोऱ्यांमुळे ही घट होते, या लोकप्रिय समजुतीस त्या अहवालात आधार मिळाला नाही. घरट्यांच्या जागा आणि पिलांना लागणारे कीटक यांचा तुटवडा, ही कारणे अधिक संभवनीय होत. जुन्या दिल्लीच्या हवेल्यांत झरोके, तुळया आणि भिंतींतील खबदाडे असत. गुरुग्राम किंवा नोएडा येथील काँक्रीट व काच यांच्या गुळगुळीत इमारतींत चिमणीने काडी कोठे ठेवावी?

पेटीची रचना

पेटीसाठी सुमारे १५ मिलिमीटर जाडीची, रंग किंवा रसायन न लावलेली फळी घ्यावी. तळ आतून १५ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असावा. मागील बाजू २५ व पुढील बाजू २० सेंटिमीटर उंच ठेवली, म्हणजे छपरास उतार मिळून पाणी निथळते. पुढील फळीत, तळापासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर, ३२ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडावे. या भोकातून चिमणी सहज जाते, साळुंकीस मात्र शिरता येत नाही. भोकाखाली बसण्यासाठी दांडी लावू नये. चिमणीस तिची गरज नसते आणि शत्रूस मात्र तिचा आधार मिळतो. तळाच्या कोपऱ्यांत पाणी निचरण्यासाठी व छपराखाली हवा खेळण्यासाठी लहान छिद्रे ठेवावीत. छप्पर बिजागरीवर बसवल्यास सफाई सुलभ होते.

जागेची निवड

दिल्लीत मे-जून महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा वेळी पत्र्याचा डबा ही पिलांची भट्टीच होय. लाकडी पेटीदेखील सावलीत, छज्जाखाली, उत्तरेस किंवा पूर्वेस तोंड करून, जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंचीवर घट्ट बसवावी. मांजरीस उडी घेता येईल असा कठडा जवळ नसावा. छताचा पंखा फिरतो त्या खोलीत तर पेटी मुळीच लावू नये. चिमण्या समूहाने राहणाऱ्या असल्यामुळे एकाच भिंतीवर तीन-चार पेट्या लावणे इष्ट. हे काम जानेवारीअखेर उरकावे.

पेटीच्या पलीकडे

चिमणी बहुधा तीन ते पाच अंडी घालते. सुमारे बारा दिवसांत ती उबतात आणि पुढे साधारण दोन आठवड्यांनी पिले उडतात. प्रौढ चिमण्या मुख्यतः धान्य खातात. पिलांना मात्र सुरुवातीच्या दिवसांत अळ्या, मावा, लहान टोळ असे मऊ कीटक भरवावे लागतात. म्हणून ज्या आवारात केवळ फरशी आणि वारंवार औषध फवारलेली हिरवळ आहे, तेथे उत्तम पेटीही व्यर्थ ठरण्याचा संभव असतो. मेंदी किंवा बोरीसारखी दाट झुडपे वाढू द्यावीत, कीटकनाशके वर्ज्य करावीत, पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे आणि धूलिस्नानासाठी थोडी माती उघडी राहू द्यावी.

निरीक्षण

पेटीत काड्या जाऊ लागल्या, की ती उघडू नये, दुरूनच पाहावे. पहिली काडी कोणत्या दिवशी आली, नर-मादी तासाभरात किती फेऱ्या करतात, चोचीत दाणा असतो की अळी, पिले केव्हा बाहेर पडली, याची तारीखवार नोंद ठेवावी. चोचीत अळ्या क्वचितच दिसल्या, तर आवारातील झाडीकडे लक्ष पुरवावे. वीण पूर्णपणे संपल्यावर जुने घरटे काढून पेटी उन्हात वाळवावी. पहिल्या वर्षी एखादी पेटी रिकामी राहिली, तरी निराश होऊन ती उतरवू नये. मात्र तिची सावली व सभोवतालची झाडी पुन्हा तपासून पाहावी.