डबाबंद कडधान्ये : चव फोडणीची, काळजी मिठाची

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुले परदेशी गेली, की त्यांच्या आया दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, तो तिकडे टिनमधले राजमा-छोले खातो. त्यात औषधे घालतात ना? बाधणार नाही ना?" आपल्याकडेही मोठ्या दुकानांतून हे डबे मिळू लागले आहेत, म्हणून आज त्याविषयी.

डब्यातील कडधान्य टिकते ते मुख्यतः उष्णतेमुळे. दाणे पाण्यासह डब्यात भरून डबा हवाबंद करतात आणि वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आपल्या कुकरचाच हा थोरला भाऊ. त्यात जंतू मरतात आणि दाणाही पुरता शिजतो. प्रथिने, तंतू व लोह बहुतांशी शाबूत राहतात. तेव्हा नुसत्या ब्रेडवर किंवा नूडल्सवर दिवस काढण्यापेक्षा मुलाने हा डबा उघडलेला केव्हाही बरा.

खरे जपायचे ते कच्च्या राजम्याला. लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि मग जुलाब सुरू होऊ शकतात. परदेशात मंद आचेवर तासन् तास शिजवणारे विजेचे भांडे घरोघरी असते. त्यात राजमा मऊ होतो, पण विष नष्ट होण्याइतकी उष्णता मिळेलच असे नाही. अर्धवट तापल्याने ते उलट वाढू शकते. म्हणून राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण शिजवावा किंवा निदान अर्धा तास खळखळून उकळावा. मोड आलेला कच्चा राजमा कोशिंबिरीत घालू नये. डब्यातल्या राजम्याला ही भीती नाही.

डब्याचा दोष म्हणजे मीठ. अमेरिकेतील साध्या डब्यात अर्ध्या कपामागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. (लेबलावरील सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते.) जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे. यावर उपाय सोपा. दाणे चाळणीत ओतून नळाखाली चांगले धुवावेत. सुमारे ४० टक्के सोडियम निघून जाते, आणि वायू करणारी काही द्रव्येही त्या पाण्याबरोबर जातात. टोमॅटो सॉसमधले बेक्ड बीन्स मात्र असे धुता येत नाहीत. त्यात साखरही असते. मधुमेह्यांनी ते टाळलेले बरे.

धुतलेले दाणे सपक लागतात ही तक्रार खरी आहे. पण चव काही मिठानेच येते असे नाही. चमचाभर तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी करावी. कांदा घाई न करता तांबूस परतावा. निम्मी चव तिथेच येते. मग आले-लसूण, हळद, तिखट, गोडा मसाला. घरी कडधान्य शिजल्यावरच आपण चिंच घालतो, कारण आंबटात दाणा दडदडीत राहतो. इथे दाणा आधीच शिजलेला असल्याने चिंचेचा कोळ किंवा आमसूल सुरुवातीलाच घालता येते आणि आंबटपणा आत मुरतो. मूठभर दाणे डावाने ठेचले की रस दाट होतो. दहा-बारा मिनिटे उकळी आली, की चव पाहून मगच मीठ. बहुधा चिमूटभर पुरते. वरून कोथिंबीर व लिंबू. लिंबामुळे लोहही अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर हा फायदा जातो. छोले आणि चवळी याच रीतीने करावीत. सोबत भात किंवा पोळी असली की प्रथिनांची उणीव परस्पर भरून निघते. मात्र ताटात पापड-लोणचे वाढून घेतले, तर धुण्याचे श्रम वाया!

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कडधान्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पोटॅशियममुळे त्यांनी 'कमी सोडियमचे' मीठही परस्पर वापरू नये.

डबा फुगलेला, गळणारा, शिवणीवर चेपलेला असेल किंवा उघडताना आतून फवारा उडाला, तर चव न घेता फेकून द्यावा. बोट्युलिझमचे विष वासावरून ओळखू येत नाही. डबाबंद अन्न खाल्ल्यावर एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे असे काही वाटले, तर रात्र असो की दिवस, तत्काळ रुग्णालय गाठावे. उरलेले दाणे डब्यातच न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि तीन दिवसांत संपवावेत.