चौथ्या दिवसाचा पाऊस

वाई,
12 नोव्हेंबर 2025

चि. बाळूस,


तू पाठवलेले फोटो पाहिले. लाल मातीची पाखाडी, पोफळींतून दिसणारा समुद्र, आणि खाली तुझं वाक्य: "मावशी, इथंच घर बांधायचं ठरवतोय." फोनवर उत्तर देता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून कागद घेतला.

फोटो सगळे दिवाळीच्या सुट्टीतले आहेत. दिवाळीच्या सुमारास कोकण लग्नघरासारखं सजलेलं असतं. लग्नघरावरून कोणी घराची पारख करत नाही.

आम्हीही 2006 साली हेच केलं. हे रिटायर झाले, डोंबिवलीची जागा विकली आणि दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या पुढे, चिऱ्याचं घर बांधलं. पंधरा वर्षं राहिलो. त्यातली दहा सुखाची होती हे आधीच सांगते, नाहीतर म्हणशील मावशी कोकणावर उगाच डाफरते.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो हे तुला पाठ असेल. पण आकडा अंगाला लागत नाही, ओल लागते. झडीचा पहिला दिवस भज्यांचा. दुसरा झोपेचा. तिसऱ्या दिवशी कपड्यांची दोरी स्वयंपाकघरात येते. चौथ्या दिवशी दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, कारण बोलण्यासारखं काही घडलेलंच नसतं. बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटतं. माझ्या लग्नातल्या शालूवर, पासबुकाच्या पुठ्ठ्यावर, ह्यांच्या चष्म्याच्या घरावर पांढरी बुरशी धरायची. मी सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायची, दोन दिवसांनी ती पुन्हा हजर. चाळिशीत त्याचं हसू येतं. सत्तरीत ते फडकं हातात घ्यायचाच कंटाळा येतो.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ तू टीव्हीवर पाहिलंस. आमच्या परसातल्या एकवीस पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, पडवीवरची कौलं उडाली. वाडीत वीज यायला जवळजवळ महिना लागला. विहीर तुडुंब, पण पंप बंद. पंचाहत्तरीच्या माणसानं राहाटानं पाणी ओढलं. त्यात लॉकडाऊन, मुंबईहून कोण येणार? तरी ह्यांनी तक्रार केली नाही. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. पावसाळा लागला, वाडीतल्या लोकांनी नवी रोपं आणून लावली, ह्यांनी आणली नाहीत. तेव्हाच मला कळलं, आता इथून निघायचं.

तू विचारशील ते मला माहीत आहे: हॉस्पिटल किती लांब? सगळे हेच विचारतात. हार्ट अटॅक आला तर काय, 108 ला फोन केला तर गाडी किती वेळात येते. बाळू, दातांचं कोणीच विचारत नाही. माझ्या एका दाढेच्या रूट कॅनालला चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला सकाळची एसटी, तालुक्याला डॉक्टरांकडे दोन तास बसणं, दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळची. पाचव्या खेपेला कॅप बसवायची होती, ती मी बसवलीच नाही. अजूनही डाव्या बाजूनं चावत नाही. मोतीबिंदू, कानाचं यंत्र, गुडघ्याचा व्यायाम, महिन्याची शुगर: म्हातारपण या असल्या किरकोळ खेपांतच जातं. मोठं दुखणं एकदाच येतं, त्याला कसंही करून नेता येतं.

आणि गाडी. मोतीबिंदूनंतर ह्यांनी आधी रात्रीची गाडी सोडली, मग पावसातली, मग सगळीच. मला चालवता येत नाही. त्या दिवसापासून आमचं घर होतं तिथंच राहिलं, पण दापोली दुप्पट लांब गेली. म्हणून जागा बघताना एकच कर: गाडीची किल्ली खिशात ठेव आणि दूध, औषध, बँक नि गप्पा मारायला एक माणूस, हे पायी किंवा रिक्षानं गाठून दाखव.

आता खरं लिहायचं ते लिहिते. सूनबाई हे वाचणार असेल तर वाचू दे. जागा तुम्ही दोघं बघताय, दोघांसाठी बघताय. पण शेवटची काही वर्षं त्या घरात दोघं नसतात. ह्यांना जाऊन येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. आंजर्ल्यालाच असते तर मी काय केलं असतं, हे रात्री कधीतरी मनात येतं आणि मी उठून दिवा लावते. ती मागे राहणार की तू, देव जाणे. पण जो राहील त्याला एकट्यानं त्या गावात निभवता येईल का, हे आज विचार. सूनबाईला समुद्र आवडतो का, असं विचारू नकोस, हो म्हणेल. तिथं ती कोणाकडे उठून जाईल, ते विचार.

वाईला आलो तेव्हा ह्यांना नदी हवी होती नि मला पाऊस नको होता. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि तिथून बत्तीस किलोमीटरवर, घाट उतरून खाली, वाईत हजाराच्याही आत येतो. ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी आम्ही पाच-सहा जणी बसतो. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते. अर्ध्या व्याख्यानांना मला डुलकी लागते, पण जाते. मोठं काही निघालं तर सातारा जवळ, पुणं दोन-अडीच तासांवर. परवाच हयातीचा दाखला देऊन आले. बँक घरापासून साडेतीनशे पावलांवर आहे, मी मोजलीत. पूर्वी याच कामात अख्खा दिवस जायचा. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून एसटी फुकट आहे, तेव्हा साताऱ्याला उगीचच जाऊन येते. वाई म्हणजे स्वर्ग नव्हे. जोडून सुट्ट्या आल्या की पाचगणीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि मला रस्ता ओलांडायला कोणाचा तरी हात धरावा लागतो. हात धरणारं कोणी असतं, एवढंच.

पुण्यात ज्येष्ठांसाठीचं अथश्री गृहसंकुल पाहून आलास आणि "नुसती म्हातारी माणसं" म्हणून परतलास. अरे, तू कोण आहेस? अठ्ठावन्नाला टेकलास. मला स्वतःला भाजीवाली नि पोरंटोरं आजूबाजूला लागतात, म्हणून मी तिथं गेले नसते. पण त्या कारणासाठी नाक मुरडू नकोस. लेकीच्या मागे बंगळुरूला जायचं मनात असेल तर मात्र स्पष्ट नाही म्हणते. तिची नोकरी उद्या हैदराबादला गेली की तुम्ही दोघं कन्नड शिकत बसाल.

कागदांचं थोडक्यात. गावच्या वडिलोपार्जित जागेत बांधणार असशील तर तिच्या सातबाऱ्यावर तुझ्या काकांची, आत्यांची, त्यांच्या वारसांची किती नावं आहेत ते आधी बघ. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय चिरा उतरवू नकोस. भाऊबंद दिवाळीत गोड बोलतात, पाया खणला की आठवण देतात. एजंट "फार्महाऊस प्लॉट" म्हणून शेतजमीन दाखवेल, तर ती बिनशेती झाली आहे का ते विचार. शेतजमीन घ्यायला तू शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, साठीनंतर ते ठेव आणि त्याला हात लावू नकोस. आणि ठाण्याचा फ्लॅट विकू नकोस. भाड्यानं दे. डोंबिवलीची जागा आम्ही विकली नसती तर 2021 साली वाईत एवढं लहान घर घ्यावं लागलं नसतं.

आता माझं म्हणणं. कोकणात राहूच नकोस असं नाही. आमचं आंजर्ल्याचं घर अजून तसंच आहे. विकायला काढून चार वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं ते नोव्हेंबरात, भाव पाडून मागतं आणि पावसाळ्याआधी गप्प होतं. येत्या वर्षी 1 जुलैपासून पुरा महिना तुम्ही दोघांनी तिथं राहायचं. पाहुण्यासारखं नाही, गाडी ठाण्यालाच ठेवायची, बाजार एसटीनं करायचा. रजा शिल्लक असेलच, अर्ज आत्ता टाक. भाडं नको. किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे. इन्व्हर्टरची बॅटरी गेलेली आहे, ती मात्र नवी घेऊन जा.

तुझी,
मावशी