शंभर ग्रॅमचे कोडे

डबाबंद टोमॅटो अधिक पौष्टिक, की शिजवलेले प्रून? प्रून म्हणजे वाळवलेला आलुबुखार. पाश्चात्त्य देशांत ही सुकी फळे पाण्यात मंद आचेवर शिजवून न्याहारीला खातात. साखर न घालता शिजवलेले प्रून आणि डबाबंद टोमॅटो यांच्या प्रत्येकी १०० ग्रॅममध्ये काय काय असते, ते पाहा. आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

पाणी : टोमॅटो ९४ ग्रॅम, प्रून ७० ग्रॅम
ऊर्जा : टोमॅटो १७ किलोकॅलरी, प्रून १०७ किलोकॅलरी
पोटॅशियम : टोमॅटो १९० मिलिग्रॅम, प्रून ३२० मिलिग्रॅम
क जीवनसत्त्व : टोमॅटो १० मिलिग्रॅम, प्रून ३ मिलिग्रॅम

ऊर्जेत प्रून सहापटीने पुढे, पोटॅशियमातही पुढे. मग प्रूनच श्रेष्ठ म्हणायचे का? थांबा! पाण्याचे आकडे पुन्हा एकदा पाहा. पाणी वगळले तर टोमॅटोत ६ ग्रॅम आणि प्रूनमध्ये ३० ग्रॅम घन पदार्थ उरतो. आता भागाकार करू. टोमॅटोच्या एक ग्रॅम घन पदार्थात १७ ÷ ६, म्हणजे सुमारे २.८ किलोकॅलरी ऊर्जा आहे. प्रूनच्या १०७ ÷ ३०, म्हणजे सुमारे ३.६. सहापट वाटणारा फरक जेमतेम सव्वापट उरला! बाकीचा सारा खेळ पाण्याचा होता.

न शिजवलेल्या सुक्या प्रूनमध्ये दर १०० ग्रॅमला सुमारे २४० किलोकॅलरी असतात. शिजवल्यावर त्या निम्म्याहून कमी झालेल्या दिसतात. ऊर्जा कोठे नाहीशी झाली? कोठेच नाही. फळात पाणी मुरले, वजन वाढले आणि तीच ऊर्जा अधिक ग्रॅममध्ये वाटली गेली.

पोटॅशियमाची गंमत तर आणखी पुढे आहे. १०० किलोकॅलरी मिळण्यासाठी जेवढे टोमॅटो खावे लागतील, त्यांत सुमारे १,१०० मिलिग्रॅम पोटॅशियम असेल. तेवढ्याच ऊर्जेच्या प्रूनमध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम. क्रम उलटला! पण तेवढे टोमॅटो म्हणजे जवळजवळ ६०० ग्रॅम. एका बैठकीत इतके कोण खाणार?

म्हणून तुलना करण्यापूर्वी 'कशामागे?' हे विचारले पाहिजे. पाठीवर ओझे घेऊन गड चढणाऱ्याला दर ग्रॅममागे मिळणारी ऊर्जा महत्त्वाची. त्याला सुके प्रून बरे. वजन कमी करू पाहणाऱ्याला दर कॅलरीमागे मिळणारी जीवनसत्त्वे व क्षार महत्त्वाचे; त्याला टोमॅटो बरा. मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पोटॅशियम मोजून घ्यायला सांगितलेल्या रुग्णाने मात्र वाटीत प्रत्यक्ष किती ग्रॅम वाढले आहे, हेच पाहायला हवे. रक्तदाब असणाऱ्याने डब्यावरचा सोडियमचा आकडाही वाचावा, कारण पुष्कळदा डबाबंद टोमॅटोत मीठ घातलेले असते.

करून पाहा : ५० ग्रॅम मनुका रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी निथळून, फडक्याने टिपून पुन्हा वजन करा. आता १०० ग्रॅम भिजलेल्या मनुकांमध्ये मूळच्या किती ग्रॅम मनुका आहेत, ते त्रैराशिकाने काढा. भिजवलेले पाणी टाकू नका, चाखून पाहा. ते गोड का लागते, आणि त्यामुळे तुमच्या हिशेबात कोणती दुरुस्ती करावी लागेल?